मरणाचा कौल

देवीपुढं नवऱ्याचं मरण कसं मागावं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

आम्ही परभणीकडचे. मी चौथीतच शाळा सोडलेली. हे गवंडीकामाला पुण्याजवळच्या रिहे गावात आले, त्यांच्यामागं मी. मग एका वर्षी यांच्या पोटात गाठ निघाली आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्यानं "आता घरी न्या" म्हणून सांगितलं. घर म्हणजे भातखाचरांच्या कडेची भाड्याची खोली. सासर-माहेरचं कुणी जवळ नाही. हे रात्रंदिवस कण्हत. एका सकाळी पदर धरून म्हणाले, "डॉक्टरला म्हणावं, सुई देऊन मोकळं कर. गुरालाबी असं ठेवत न्हाईत गं."

माझ्यानं हो म्हणवेना, नाहीही म्हणवेना. शेजारणीला यांच्यापाशी बसवून देवळात गेले. तिथं देवीला पाकळ्या चिकटवून कौल लावतात. उजवी पाकळी आधी पडली की होकार, डावी पडली की नकार. ती सुई मागू का, एवढंच मला विचारायचं होतं.

गुरव ऐकून चिडलाच. "मरणाचा कौल हितं लावत न्हाईत, बाई! देवीला कोड्यात घालतीस व्हय? म्हैस कवा व्यायाची ते इचार, सांगतो."

मी परत निघाले. दर्शनाला आलेले एक वयस्कर गृहस्थ खांबापाशी होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. म्हणाले, "मी डॉक्टर आहे, ताई. चला, बघू द्या मला."

खोलीत ते खाली, यांच्या घोंगडीवरच बसले. "तुम्हाला मरायचंय, की दुखणं थांबायला हवंय?"

हे वैतागून म्हणाले, "आधी थांबवा, मग सांगतो."

डॉक्टर हसले, पण लगेच गंभीर झाले. "जीव घ्यायची सुई मी देणार नाही. ते कायद्यात बसत नाही, आणि माझा हातही धजत नाही. दुखणं कमी करायची देतो. पण तिनं गुंगी येईल, श्वासही मंदावू शकतो. चालेल?"

"द्या," हे म्हणाले. मग डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मीही हो म्हटलं.

पुढं डॉक्टर स्वतः येऊन सुई देत राहिले. यांनी पेज घेतली, वर "खारट केलीस" म्हणून मला बोलले, तेव्हा मी चुलीपाशी जाऊन रडले. 'मग सांगतो' म्हणाले होते, त्याची मात्र मला रोज धास्ती वाटे. आज पुन्हा मरण मागतील का? यांनी मागितलं नाही. एका दुपारी, सुईनंतर, झोपेतच गेले.

त्या सुईनंच का? मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "नक्की सांगता येत नाही, ताई."

अशी सुई कायद्यानं द्यावी की नाही, हे मोठी माणसं ठरवोत. मागणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. डॉक्टर भेटले नसते तर मीही मागितलीच असती. अजून मधूनच मनात येतं, माझ्या होकारानं तर नाही ना गेले? मग यांचा जातानाचा चेहरा डोळ्यापुढं येतो. कपाळावर एक आठी नव्हती. तेवढं तुझं देणं, देवीआई. बाकीचं मला कळत नाही, ते तुझ्या पायाशी ठेवलं आहे.