बेबी शाम्पू, खर्रा आणि एक मोठी काच

काचांना फिल्म लावणाऱ्यांकडे किश्श्यांची कमी नसते. कुणाच्याही घरात, दुकानात, गाडीत शिरायचं आणि तासभर काचेकडे तोंड करून उभं राहायचं. आपली पाठ वळली की लोक काय काय करतात! माझे चार वर्षांतले सगळे सांगायला बसले तर चहा तीनदा गरम करावा लागेल.

आधी सत्तारभाऊ कोण ते सांगते. चंद्रपुरात त्यांचं फिल्मचं दुकान, आणि मी त्यांच्या हाताखाली. रबरी पट्टी दाबून काचेमागचं पाणी काढता काढता त्यांचं मनगट कामातून गेलं. डॉक्टर म्हणाले, आता बस. मग दुकान बंद करायचं की माझ्या हाती द्यायचं? त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "एक मोठी काच एकटीनं लाव, ज्योती. एकही डाग नाई पायजे. मंग दुकान तुहं."

मी आधी नंबरप्लेटवर रेडियम चिकटवायचे. म्हटलं, यात काय एवढं! मला ते दुकान हवंच होतं.

*

रेडियम कोरडंच चिकटवतात. म्हणून मी पहिल्याच आठवड्यात एका दवाखान्याच्या दाराला फिल्मही कोरडीच चिकटवली. काचेवर पाणी नाही, फिल्मवर पाणी नाही, नुसता आत्मविश्वास! लहानमोठे फुगे वर आले ते आलेच.

सत्तारभाऊंनी चष्मा पुसून नीट पाहिलं. म्हणाले, "दार लावलं का पापड भाजला?"

*

मग पाण्याचं शास्त्र शिकले. नुसतं पाणी चालत नाही, त्यात बेबी शाम्पूचे चार थेंब. फिल्म काचेवर सरकते, हवी तिथे बसवता येते. आमच्याकडच्या मे महिन्यात तर पट्टी फिरवायच्या आधीच पाणी उडून जातं, त्यामुळे शिंपडायचंही दुप्पट. दर पंधरा दिवसांनी मी एक मोठी बाटली न्यायचे.

किराणावाल्या काकांनी सहा महिने काही विचारलं नाही. सातव्या महिन्यात हळूच म्हणाले, "बाई, लेकराच्या डोक्याले दुसरं काई लावून पाय. एवढ्या शाम्पूनं टक्कल पडन त्याचं."

माझं तर लग्नही झालेलं नाही!

*

भद्रावतीकडे कोळशाची धूळ. सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटाने नाव लिहावं इतकी. तिथे काम करताना दार बंद, खिडक्या बंद आणि पंखा तर बंदच बंद. फिल्मच्या मागचं पातळ अस्तर सोललं की ती चिकट बाजू हवेतला कण न् कण ओढून घेते.

एका घरी मी घामाने निथळत अस्तर सोललं. आतून घरातल्या आजी आल्या, माझ्याकडे पाहून त्यांचा जीव कळवळला, आणि त्यांनी पंखा लावला. पाचवर!

पंख्याच्या पात्यांवरची वर्षभराची धूळ एका झटक्यात फिल्मवर. मी रडायच्या बेतात. आजी जवळ आल्या, निरखून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाल्या, "ठिपक्यायचं डिझाइन चांगलं हाय वं."

तो तुकडा फेकला. त्या वर्षी सत्तारभाऊंनी दुकानाचा विषय काढला नाही. मीही नाही.

*

गाडीच्या काचेला फिल्म लावली की तीन दिवस काच खाली करायची नाही, नाहीतर कडा सुटतात. एका गडचिरोलीच्या गिऱ्हाइकाला मी हे चारदा सांगितलं. भला माणूस. तोंडात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा, तरी शब्द पाळला. थुंकायचं झालं की गाडी थांबवायची, दार उघडायचं. दोन दिवस असंच.

तिसऱ्या दिवशी फोन आला. फिल्म आतून लाल पडली म्हणे. अशी कशी लाल पडेल? मी घाबरून खोदून खोदून विचारायला लागले.

"ताई, काच इतकी साफ केली तुमी," तो शेवटी म्हणाला, "मले वाटलं, उघडीच हाय."

*

आणि आता कुरखेड्याकडचा. हा सांगताना अजूनही मला खुर्चीत बसवत नाही!

एका गावच्या ग्रामपंचायतीत सभागृहाला अंगणाच्या बाजूने भिंतभर काच होती. ऊन थेट आत यायचं. बाहेरून आरशासारखी दिसणारी फिल्म आतून लावायची होती. फिल्म एकाच काचेपुरती, जास्तीचा तुकडा नाही. सत्तारभाऊंनी गाडीतून उतरतानाच पट्टी माझ्या हातात दिली. "हेच ते मोठं काम," एवढंच म्हणाले.

पोचलो तर अंगणात सगळं गाव! कुणी बोऱ्या अंथरल्या होत्या, कुणी घरून खुर्ची आणली होती, बायका लेकरांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. पंचायतीच्या शिपायाने आदल्या दिवशी गावभर ओरडून सांगितलं होतं की उद्या पंचायतीत फिल्म लावणार आहेत.

इतके पाय म्हणजे किती धूळ! सत्तारभाऊ मात्र शांत. त्यांनी अंगणात पाणी शिंपडून घेतलं आणि लोकांना हात जोडले, संपेपर्यंत कुणी हलू नका. सिनेमाचा नियम असेल असं समजून गाव खरंच गप्प बसलं.

मी आत एकटी. अस्तर सोललं, पाणी मारलं, भलीमोठी फिल्म काचेवर टेकवली. वरून खाली पट्टी ओढत गेले. पट्टी कुठे थांबली नाही. पाणी निघेल तशी बाहेरची माणसं मला स्वच्छ दिसू लागली. ती एकेक करून उठत होती, केस सारखे करत होती, लेकरांना उचलून काच दाखवत होती.

मी बाहेर आले. सत्तारभाऊंनी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत काच पाहिली. सगळ्यात पुढे एक म्हातारी काचेला नाक लावून केव्हाची उभी होती. त्यांनी तिलाच विचारलं, "पाय बाई, कुठी डाग दिसते का?"

म्हातारीने आणखी थोडा वेळ पाहिलं. पदराने कपाळ पुसलं, परत पाहिलं.

"डाग नाई बाप्पा," ती म्हणाली. "पण मी लय म्हातारी झाली."