व्हिएन्नातला भाकरतुकडा

मुंबईच्या विमानतळावर बॅगांची गाडी ढकलता ढकलता आमचे हे मला शेवटचं बजावत होते. "सरळ इचारायचं. आडवळणं घ्यायची न्हाईत. कायमचा येणार हाय का न्हाई, एवढंच." मी म्हटलं, "आवं, पोरगं हाय आपलं, कोर्टातला साक्षीदार न्हाई." फौजेत आयुष्य गेलेला माणूस. प्रश्न एका ओळीचा आणि उत्तर व्हय किंवा न्हाई, यापलीकडं त्यांना काही पटत नाही.

प्रश्न रानाचा होता. कोरेगावजवळ कालव्याखाली आमचा उसाचा मळा आहे. यांचे गुडघे गेले, आता सरीतून चार पावलं टाकली की बांधावर बसतात. भावकीतला एक जण रान वाट्यानं मागत होता. म्हणजे कसायचं त्यानं आणि पीक निम्मं निम्मं. पावसाळ्यात आडसाली ऊस लावायचा तर नांगरट उन्हाळ्यातच उरकावी लागते, म्हणून त्याला उत्तर लवकर हवं होतं. "पोरगं परत येणार असंल तर मी रेटतो कसंबी," हे म्हणायचे. "न्हाईतर देऊन टाकतो. पण एकदा दुसऱ्याचा नांगर फिरला की रान आपलं कागदावर ऱ्हातं, ध्यानात ठेव."

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. प्रश्न विचारण्यात माझा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं. पण पोटच्या पोराला हा एक प्रश्न विचारणं काही जमेना. फोनवर कितीदा ओठांपर्यंत आला आणि दर वेळी मी "जेवलास का" म्हणून मोकळी झाले. मुलगा बरीच वर्षं व्हिएन्नात आहे. दोन-तीन वर्षांतून कधीतरी येतो, आल्या दिवसापासून परतीच्या तारखेकडं बघत राहतो. यंदा तिथल्या मॅरेथॉनमध्ये पळणार होता. म्हणाला, "आई, तू ये बघायला." ऐन चैत्रात, गावच्या जत्रेच्या आठवड्यात. जत्रेला मुंबईचे, पुण्याचे, फौजेतले, झाडून सगळे घरी येतात आणि मी नेमकी तेव्हा गावाबाहेर. जावा तोंडावर हसल्या. मी म्हटलं, हसा.

पहिले काही दिवस त्यानं मला शहर दाखवलं. जुन्या शहराभोवती एक रुंद गोल रस्ता आहे. पूर्वी तिथं तट होता, तो पाडून रस्ता केला, असं तो म्हणाला. मी म्हटलं, "आपल्याकडं तट आपले आपण पडत्यात, रस्ता तेवढा व्हत न्हाई." तो हसला. हसला की त्याच्या डाव्या गालाला अजून खळी पडते. ती बघायला मिळावी म्हणून मी दिवसभर काहीबाही बोलत राहिले.

त्या रस्त्यावरच्या इमारती बघून मान दुखायला लागते. एकेका दाराच्या दोन्ही अंगांना दगडाची उघडी माणसं, खांद्यावर अख्खा सज्जा घेऊन उभी. अंगानं पैलवान, पण माना पार वाकलेल्या. मला कोरेगावच्या बाजारातले पोती वाहणारे हमाल आठवले. त्यांना निदान पोतं खाली टाकायला ट्रक तरी असतो.

"ह्यास्नी कुणी खाली ठेवा म्हणत न्हाई व्हय रं?"

"त्यांनी खाली ठेवलं तर घर पडंल, आई," तो म्हणाला.

मला बांधावर बसलेले हे दिसले. प्रश्न अगदी ओठावर आला होता, तेवढ्यात ट्राम आली आणि त्यानं माझा हात धरून मला आत चढवलं.

शहराच्या मधोमध एक भलंमोठं जुनं चर्च आहे. त्याच्या उतरत्या छपरावर रंगीत कौलांची नागमोडी नक्षी आहे, कुणी धुतलेली सतरंजी वाळत घातल्यासारखी. आत गार आणि अंधार. लोक मेणबत्त्या लावत होते, मीही एक लावली. देव कुणाचा का असेना, आईचं बोलणं त्याला कळत असेल. गावच्या देवाला जे दर वर्षी मागते तेच मागितलं. पोरानं विचारलं, "काय मागितलंस?" मी म्हटलं, "गुडघ्यांचं बघ म्हटलं." ते काही अगदीच खोटं नव्हतं.

खाण्याचं सांगायचं तर, तिथल्या कॉफीच्या दुकानांवर माझा जीव जडला. काळा कोट घातलेला, कपाळाला आठ्या असलेला माणूस तबकात कॉफी आणतो आणि न मागता शेजारी पाण्याचा ग्लास ठेवतो. आमच्याकडं पाणी आधी, चहा मागनं. इथं दोन्ही बरोबर, पण पाण्याला विसरले नाहीत हे बघून बरं वाटलं. मग हवं तेवढं बसा, कुणी ऊठ म्हणत नाही. एकदा त्यानं एक गोड पदार्थ मागवला. बघते तर काय, जाडजूड धिरडं फाडून तुकडे केलेले, वर पिठीसाखर, बाजूला आलुबुखाराचा मुरंबा. नावात म्हणे तिथल्या बादशहाचं नाव. आमच्या सासरी तव्यावर धिरडं मोडलं की सासूबाई दिवसभर टोमणे मारायच्या. इथं मुद्दाम मोडून बादशहाच्या नावानं विकतात. पण चव फक्कड होती, खोटं का बोला.

दुसऱ्या दिवशी बटाट्याचा चेंडूएवढा उकडलेला गोळा आला, रश्शात बसलेला. तिखट म्हणून नावाला नाही. मी पर्समधनं लसणाच्या चटणीची डबी काढली आणि वर भुरभुरली. पोरानं आधी आजूबाजूला बघितलं. मग हळूच ताट पुढं सरकवलं, "दे थोडी." थोडी म्हणता म्हणता निम्मी डबी संपवली. नाकातून पाणी येईपर्यंत खाल्लं.

मी म्हटलं, "हितं आठवण येत न्हाई व्हय तुला ह्याची?"

"येते की. लय येते."

"मग?"

त्या "मग"मध्ये काय आहे ते त्याला बरोबर कळलं. त्यानं चमचा खाली ठेवला. "आई, रविवारी पळायचंय. तेवढं एकदा होऊ दे, मग निवांत बोलू."

मी बरं म्हटलं. आमच्याकडं पळणं म्हणजे फौजेची भरती. पहाटे साताऱ्याच्या कुठल्याही रस्त्याला जा, मिसरूड फुटलेली पोरं डांबरी कडेनं धापा टाकत पळत असतात, कुणाच्या पायात बूट, कुणी अनवाणी. हाही पळायचा, हे सायकलवरून मागं. पळण्यात पहिला आला, पण छाती फुगवून जेवढी भरायला हवी तेवढी भरली नाही म्हणून मैदानातनं परत पाठवलं. घरी येऊन दोन दिवस गोठ्यात बसून होता. मग शहरात गेला, शिकला, पुढं पुढं जात राहिला, तो इथवर. भरती नसताना माणूस बेचाळीस किलोमीटर, म्हणजे साताऱ्यातून निघून उंब्रज ओलांडण्याएवढं कशाला पळेल, हे मला आजही नीट सांगता येत नाही.

रविवारी त्यानं मला एका वळणावर उभं केलं आणि पळायला गेला. बाजूला ही गर्दी. कुणाच्या हातात पुठ्ठ्याच्या पाट्या, कुणाकडं गाईच्या गळ्यातली घंटा. त्या घंटा हातात घेऊन लोक खुळखुळ वाजवत होते. आमच्याकडं असा आवाज शर्यतीच्या बैलांचा येतो. आधी वाऱ्यासारखी हडकुळी माणसं गेली, मग लोंढाच्या लोंढा. म्हातारे पळत होते, जाड्या बाया पळत होत्या, एक जण तर नवरदेवाच्या वेशात. छातीवर नावं लिहिलेली, ती वाचून अनोळखी लोक त्यांना हाका मारत होते. ज्याची त्याला ओळख नाही, तरी घसा कोरडा पडेस्तोवर ओरडायचं. मला ते आवडलं. एरवी हे लोक लिफ्टमध्ये सुद्धा बोलत नाहीत.

हजारो पाय बघता बघता माझे डोळे शिणले. बहुतेकांच्या अंगात सारखीच बनियनं. आपलं पोरगं आपल्याला ओळखू येणार नाही की काय, अशी भीती वाटली. इतकी वर्षं लांब राहिलं, चाल बदलली असेल, अंग बदललं असेल. आणि तेवढ्यात दिसला. मान थोडी डावीकडं टाकून पळतो, भरतीच्या वेळी पळायचा तसाच. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "पळ रं. पळ रं माज्या राजा."

त्यानं बघितलं, हात वर केला आणि गेला. मी तशीच ओरडत राहिले. शेजारच्या घंटावाल्या बाईला काय वाटलं कोण जाणे, तिनंही सुरू केलं, "पल्रा, पल्रा." मग तिचा नवरा, मग मागची पोरं. बघता बघता त्या वळणावरचे सगळे येणाऱ्या-जाणाऱ्याला "पल्रा" म्हणून ओरडायला लागले. मला हसू आवरेना आणि डोळ्यांतलं पाणीही आवरेना. हे इथं असायला हवे होते, असं फार वाटलं. सायकल घेऊन.

शर्यत संपल्यावर तो मला घ्यायला आला तो लंगडतच. गळ्यात पदक, अंगावर चांदीच्या कागदासारखी चादर, ओठांवर मीठ. मी त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ठरवलं, आता काही विचारायचं नाही, आधी घर गाठायचं. ट्राममध्ये तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला. असा तो शेवटचा कधी झोपला होता ते मला आठवेना. आपला थांबा येऊ नये असं वाटत होतं.

त्याचं घर जुन्या इमारतीत, वरच्या मजल्यावर. दगडी जिना, लिफ्ट नाही. पायांत गोळे आलेले, त्यामुळं तो कठड्याला धरून आडवा आडवा चढत होता. मी किल्ली घेऊन पुढं गेले, दार उघडलं, आत शिरले, ओट्यावरच्या पावाचा तुकडा मोडला, पेला भरला आणि परत दारात आले. तो वर पोचला तसं म्हटलं, "थांब तिथंच." तो उंबऱ्याबाहेर मुकाट उभा राहिला. मी तुकडा त्याच्यावरून तीनदा ओवाळला, जिन्याच्या दिशेनं टाकला, त्याच्या डोळ्यांना पाणी लावलं, पायांवर ओतलं. "ये आता आत."

भाकरतुकडा. माणूस लांबचा प्रवास करून आला की ओवाळून टाकायचा, वाटेतलं काही मागं आलं असेल तर ते बाहेरच्या बाहेर जावं म्हणून. हे सुट्टीवर यायचे तेव्हा सासूबाई असंच करायच्या, त्या गेल्यावर मी करत आले. हात शिकलेले आहेत, त्यांना विचार करावा लागत नाही.

पावाचा तुकडा जिन्याच्या पोकळीतून थेट खालच्या मजल्यावर पडला. तिथली म्हातारी बाई तो हातात घेऊन चार पायऱ्या वर आली. आता भांडणार, असं मला वाटलं. हा कठड्यावरून वाकून तिच्या भाषेत काही बोलला. तिनं काही विचारलं, यानं सांगितलं. तिनं मान हलवली, माझ्याकडं बघून हसली आणि तुकडा घेऊन खाली गेली.

"काय म्हणाली?"

"हे कधी करतात विचारत होती."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, माणूस लांबनं आपल्या घरी आला की आमच्याकडं असं करतात." आणि तो ओल्या पायांनी आत गेला. न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाला.

मी रिकामा पेला घेऊन दारात उभी होते. खरंच की. भाकरतुकडा बसस्टँडवर ओवाळत नाहीत, परक्याच्या दारात ओवाळत नाहीत. तो घराच्याच उंबऱ्यावर ओवाळायचा असतो. इतक्या वर्षांत तो आमच्या दारात आला तेव्हा तेव्हा मी ओवाळलं होतं आणि आज तेच इथं केलं, एका क्षणाचाही विचार न करता. माझ्याच हातांचा मला असा राग आला की सांगता सोय नाही. ओट्यापाशी जाऊन जरा रडले. नळ चालू ठेवून.

तो न्हाऊन, दोन घास खाऊन आडवा झाला आणि यांचा फोन आला. तिकडं संध्याकाळ, धारांची वेळ.

"पळालं का सगळं?"

"सगळं पळालं. पदक दिलंय."

"आणि पाय?"

"गोळं आल्यात. झोपलंय आता."

"पण नीट घरी आलं न्हवं?"

"व्हय," मी म्हणाले. "घरी आलंय."

मागं म्हैस दावणीला हिसका देत होती.

"इचारलंस का?"

"न्हाई."

"मग कवा इचारणार?"

"आवं," मी म्हणाले, "रान द्या वाट्यानं."

मग ते "बरं" म्हणाले, आणि पोरगं पोटभर जेवलं का ते विचारायला लागले.