भिलाईला आम्ही ताईचं पद ऐकायला गेलो

"आजी, भिलाईवर लिहा ना," असं या पानावर चारपाच जणांनी विचारलं. मी काय लिहू, कपाळ? मी भिलाई पाहिली ती कारखाना उभा होत होता तेव्हाची, आणि तीही एकाच फेरीत दोनदा. पण विचारलंच आहे, तर ऐका.

आमचं गाव आमगावच्या अलीकडे. माझा दादा शेती सोडून भिलाईच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे लोखंड चढवणारा मजूर, म्हणून लागला होता. त्याचा निरोप आला की दिवाळीनंतरच्या रविवारी तिथल्या नव्या हॉलमध्ये पुण्याकडची संगीत नाटक कंपनी येते आहे, आणि ताई त्यात आहे. ताई म्हणजे आमची कुसुमताई. पाच वर्षांपूर्वी ती या कंपनीत निघून गेली होती, आणि तेव्हापासून बाबांनी घरात तिचं नाव घेऊ दिलं नव्हतं. आई तर त्याच दुःखात गेली.

खरं तर तिला गाणं शिकवलं बाबांनीच. आमच्या झाडीपट्टीत मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, नाटक होतं, त्यात बाबा पेटी वाजवायचे. कंपनी आणत होती तेच नाटक पूर्वी गावात बसवलं तेव्हा तिसऱ्या अंकातलं राणीच्या सखीचं पद त्यांनी ताईच्या गळ्यावर महिनाभर घासूनघासून चढवलं होतं. आणि आता कंपनीतही तिला तीच सखी आणि तेच पद मिळालं होतं. दादाचा निरोप बाबांनी ऐकून घेतला, दोन दिवस जाऊ दिले. मग म्हणाले, "एक डाव ऐकतो. माह्या सुरात गायली तं तिले घरी घेऊन येतो. नाई तं मले पुन्हा तिचं नाव सांगू नका."

मी आणि बाबा पॅसेंजरने निघालो. आताही त्या बाजूने जाल तर उजेडी जा. सालेकसा सोडलं की जंगल लागतं, दरेकशाचा बोगदा येतो. तेव्हा कोळशाचं इंजिन होतं. बोगद्यात खिडकी लावली नाही तर तोंडं काळी, आणि आमची झालीच. डोंगरगडला मुर्रा, म्हणजे मुरमुरे, आणि चणे घेतले, राजनांदगावला चहा. बाबा काही खाईनात. बोटं मात्र मांडीवर पेटी वाजवत होती. मी पाहते आहे हे कळलं की थांबायची.

दुर्ग सोडलं आणि आभाळच लाल झालं. चारी बाजूंनी माती उकरलेली, ट्रकांची रांग, क्रेनच्या माना वर. दादा स्टेशनवर आला होता, त्याच्या भुवयासुद्धा लाल. तो मरोद्याकडे तीन गाववाल्यांसोबत टिनाच्या खोलीत राहायचा. आज हुडको नि स्मृति नगर म्हणता ना, त्या वसाहतींतलं तेव्हा काही नव्हतं. डाळ, भात आणि वांग्याची भाजी त्याने स्वतः रांधली होती. भाताला लोखंडाचा वास येत होता, की मलाच तसं वाटत होतं, देव जाणे.

"ताईले सांगतलं का, बाबा येऊन राहिले म्हणून?" मी हळूच विचारलं.

"हाव. पण ते सुराची अट नाई सांगतली. घाबरून बेसूर झाली तं?"

नाटक दुपारचं होतं. दिवेलागणीला त्याच हॉलमध्ये कारखाना उभारायला आलेल्या रशियन साहेबलोकांचा सिनेमा होता, म्हणून त्याआधी हॉल मोकळा करून द्यायचा होता. दारावर खडूने तसं हिंदीत लिहिलंही होतं. आमच्यापैकी कोणी त्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पुढच्या खुर्च्यांवर रायपूर-दुर्गची जुनी मराठी मंडळी, वकील, मास्तर, त्यांच्या बायका शालूत. मागे आम्ही, भंडारा-गोंदियाकडचे सगळे, कोणी रात्रपाळी करून तसाच आलेला. महिनोन्‌महिने हिंदीत बोलून कंटाळलेली माणसं ती. नांदी सुरू झाली आणि माझ्या शेजारचा दांडगा गडी ढसाढसा रडायला लागला.

राजाचं काम करणारे बुवा गायला काय लागले, अहाहा! तान संपली आणि हॉल ओरडला, "वन्स मोअर!" बुवांनी परत म्हटलं. परत "वन्स मोअर!" आता हे समजून घ्या. आमच्या झाडीत नाटक जेवणानंतर उभं राहतं ते सूर्य उगवल्यावर संपतं. तिथे वन्स मोअरला माप नाही. गायकाचा गळा आणि रात्र, दोन्ही आपलीच. नाटकाला वेळ नावाची काही गोष्ट असते, हे आमच्या कोणाच्या स्वप्नातही नव्हतं.

आणि सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा? बाबांचा! पाच वर्षं ज्या माणसाने पेटीवरचं कापड काढलं नव्हतं, तो खुर्चीवरून अर्धा उठून ओरडत होता. "वाहवा बुवा! वन्स मोअर!" डोळ्यांतून पाणी, टोपी हातात. पुढची वकीलमंडळी माना वळवून पाहत होती. पाहू देत मेली! मला इतका आनंद झाला होता की मीही टाळ्या पिटत होते. दादा माझ्या कानात म्हणाला, "आता ताईचं पद आलं का पाहाजो, बाबा पिघलतेच."

तिसरा अंक उघडला. ताई आली. निळं लुगडं, हातात तबक. किती वाळली होती! बाबा एकदम ताठ बसले, डोळे मिटून, कान देऊन. राणी रडली. ताईने तबक खाली ठेवलं, राणीचे डोळे पुसले, आणि आत निघून गेली. पेटीवाल्याने पुढचा सूर दिला तो राजाच्या प्रवेशाचा. बाबांनी डोळे उघडले. थोड्या वेळाने पडदाच पडला.

"पाच वर्षांत एक पद नाई दिलं तिले?" बाबा उभे राहिले. चेहरा राखेसारखा. "तबक धराले गेली होती काय ते? चल, गाडी पकडू."

दादा त्यांना आवरत बाहेर गेला. मी रंगपटाकडे धावले. ताई तोंडाचा रंग पुसत होती. मला पाहून तिने घट्ट मिठी मारली. हसत होती वेडी!

"बाबांचाच आवाज होता नं तो? विंगेतूनच वळखला मी. पहिल्याच हाकेले!"

"ताई, तुझं पद कुठे गेलं?"

"वेळ सरला वं. मॅनेजर बुवांले रोकाले निघाले होते. मी म्हटलं, माहे बाबा आयकून राहिले, किती दिसानं खूश आहेत. त्याहिले आयकू द्या. माहं कापा." मग म्हणाली, "बाबा कुठी आहेत? भेटतीन नं मले?"

मी त्यांना बोलावते म्हणून बाहेर पळाले, तर ते दोघं स्टेशनच्या वाटेला लागलेले. रस्ताभर "बाबा, थांबा" म्हणत राहिले, पण त्यांचा राग ऐकणारा नव्हता. दादाने आम्हाला गाडीत बसवलं, आणि गाडी सुटल्यावर मी बाबांसमोर हात जोडले आणि सगळं सांगितलं, अगदी "माहं कापा" पर्यंत. बाबांनी टोपी डोक्यावर नीट घातली. मग उठले आणि राजनांदगावला उतरले. मी पिशवी घेऊन मागे.

सकाळच्या गाडीने भिलाईला परत. हॉलपुढे एकजण झाडत होता. बाबांनी त्याला विचारलं, "नाटकवाले कहाँ हैं?"

"वो तो रात को ही ट्रक में निकल गये, बाबूजी. टाटानगर की तरफ."

बाबा आत गेले. रिकाम्या रंगमंचासमोर पुढच्या खुर्चीवर बसले, आणि ओक्साबोक्शी रडले. मी आयुष्यात त्यांना तसं पाहिलं नव्हतं, आणि पुन्हा पाहू नये असंच वाटलं.

घरी येऊन त्यांनी कंपनीच्या पुढच्या मुक्कामांवर पत्रं टाकली. एकाचंही उत्तर आलं नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी दादाला तार आली. ओरिसातल्या कुठल्याशा गावी विषमज्वराने ताई गेली. आम्हाला कळेपर्यंत सगळं उरकलं होतं. तिला पत्र मिळालं होतं की नाही, हेही कोणी सांगू शकलं नाही.

तर बाळांनो, भिलाईला जायचं तर आता गाड्या भरपूर आहेत, आणि बोगद्यात तोंडही काळं होत नाही. जा, पाहून या. मला मात्र त्या गावातून काही चांगलं आणता आलं नाही.

बाबा त्यानंतर मंडईत गेले नाहीत. पेटी त्यांनी देऊन टाकली. म्हातारपणी माझ्याकडे होते, तेव्हा एकेक करून सगळं विसरले. आईचं नाव, गावाचं नाव, मी कोण तेही. पण संध्याकाळी दिवा लावला की मला जवळ बोलवायचे आणि विचारायचे, "पोरी, तिनं माहा आवाज वळखला म्हणे नं?"

"हाव बाबा," मी म्हणायचे. "पहिल्याच हाकेला."

मग ते विचारायचे, "मंग तिचं पद काहून नाई झालं?"