सहाव्या मजल्याच्या मालकीणबाई

काचेच्या त्या उंच इमारतीसमोर सुमनवहिनींनी रिक्षा थांबवली आणि मान वर करून म्हणाल्या, "बघा भावजी, आपली इमारत!"

'आपली' अशी, की ऑफिसच्या इमारती भाड्याने देणाऱ्या एका ट्रस्टमध्ये वहिनींनी निवृत्तीचे पैसे गुंतवलेत. भाड्यातला वाटा त्यांना मिळतो. यंदा सहावा मजला रिकामा झाला आणि वाटा घटला. ट्रस्टच्या अहवालात 'पुढील काळ आशादायक' असं छापलं होतं, पण वहिनींना छापील आशा पुरत नाही. त्यांनी आधी भिंतीवरून हात फिरवत इमारतीला एक अख्खी प्रदक्षिणा घातली.

लॉबीत एक कोटवाले गृहस्थ एजंटाबरोबर उभे होते. सहावा मजलाच बघायला आलेले! झालं, वहिनी पुढे सरसावल्या.

"घ्या हो खुशाल. पाण्याची ददात नाही, शेजार सभ्य आहे."

"आपण कोण?"

"मालकीण," वहिनी म्हणाल्या. "पायपुसण्याएवढ्या जागेची."

मी खांबाआड लपून मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या. या इमारतीचे मालक हजारो असतील. पैसे गुंतवून आपण सगळे आकड्यांकडे बघत बसतो. इमारतीच्या भिंतीवरून मायेने हात फिरवणारी मात्र ही एकटीच.

गृहस्थ हसले. मग एजंटाला सोडून त्यांनी वहिनींनाच विचारलं, "दुपारचं ऊन येतं का हो?"

वहिनी अडखळल्या. खरं बोलावं, तर भाडेकरू हातचा जायचा.

"पश्चिमेला फार येतं," त्या म्हणाल्या. "पण पडदे आम्ही लावून देऊ."