आठवं बटण

माझा हात लवकर उठतो. आमच्या घरात सगळ्यांचाच उठायचा, आई सोडून. त्यामुळे नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एका माणसाच्या तोंडावर कीबोर्ड हाणला, याचं घरात कुणाला फारसं नवल वाटलं नाही. राग आला तो नोकरी गेल्याचा.

नव्वदच्या दशकात आम्ही डिंडोलीत एका खोलीत राहायचो. बाबा कतारगामला एका गुजराती शेठच्या कारखान्यात माग चालवायचे. यंत्रमागांच्या आवाजाने त्यांचे कान अर्धे गेले होते, म्हणून आमच्याकडे साधं मीठ मागायचं तरी ओरडूनच. दाराआड खिळ्याला एक चामडी पट्टा टांगलेला असे. मागावर धोट्याला फटका देणाऱ्या दांडक्याला असला पट्टा लावतात आणि झिजला की काढून टाकतात. बाबांनी तो घरी आणला होता. भाकरी करपली, पोरगं परीक्षेत नापास झालं, असलं कारण निघालं की पट्टा खाली यायचा. कधी तर कारणही लागत नसे. सर्वांत जास्त आई खायची, मग भाऊ, मग मी. मी उलटून चावायचे, म्हणून माझा नंबर शेवटी.

मी कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि एका छोट्या कंपनीत लागले. माझं काम म्हणजे कारखान्यात, पेढीत जाऊन बसायचं, इथे काम नेमकं कसं चालतं ते विचारायचं, आणि त्यावरून प्रोग्राम कसा असावा, पडद्यावर काय दिसावं हे ठरवायचं. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, नुसतं विचारायचे पैसे देतात? देतात म्हटलं. आणि नशीब असं की पहिलं मोठं काम निघालं बाबांच्याच शेठचं.

शेठला नवा कॉम्प्युटर बसवलेल्या थंड केबिनमध्ये बसून एकच गोष्ट हवी होती. "बेन, लूम केम बंध रहे छे, मने ए खबर पडवी जोईए," म्हणाला. माग थांबला की कापड थांबतं, आणि का थांबला हे विचारलं की सगळे दुसऱ्याकडे बोट दाखवतात. मी सुचवलं की प्रत्येक मागाला बटणांची एक पेटी लावू. माग थांबला की कारीगराने कारणाचं बटण दाबायचं, तुम्हाला इथे पडद्यावर मागाचा नंबर आणि कारण दिसेल. शेठला पटलं. आधी एकाच रांगेला लावून बघू म्हणाला. ती बाबांची रांग होती.

मी खाली जाऊन कारीगरांना विचारत फिरले. आमच्यासारखे खानदेशातले, ओरिसातले, उत्तरेकडचे, सगळे होते, आणि बऱ्याच जणांना वाचता येत नव्हतं. म्हणून बटणांवर अक्षरं न घालता चित्रं काढायची ठरवली. तुटलेला धागा. रिकामी कांडी म्हणजे धोट्यातलं सूत संपलं. विझलेला दिवा म्हणजे वीज गेली. पाना म्हणजे माग बिघडला. पाण्याचा पेला. अशी सात कारणं निघाली. पेटी बनवणाऱ्याकडे मात्र आठ बटणांचीच पेटी होती. "आणखी कशाने थांबतो?" मी पुन्हा विचारलं. जो तो रांगेच्या टोकाकडे बघून हसला. तिथे मास्तर उभा होता. मागांची दुरुस्ती आणि कारीगरांवर देखरेख त्याच्याकडे. त्याच्या खांद्यावर तसाच झिजलेला पट्टा होता, आमच्या दाराआड होता तसा.

मास्तर मारतो हे मला ठाऊक होतं. मास्तर मारतातच. पण बाबा रांगेतले सर्वांत जुने कारीगर, त्यांच्या अंगाला कोण हात लावणार, असं आम्ही धरून चाललो होतो. आठवं बटण मी कोरं ठेवलं. सातही चित्रांवर पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि काम चालू झालं.

पडद्यावर ओळी येऊ लागल्या. धागा, कांडी, कांडी, वीज. शेठ खूष होता, येईल त्या पाहुण्याला केबिनमध्ये नेऊन दाखवत होता. मग एकदा पाहुण्यांसमोरच कारणाच्या जागी नुसता आठ आकडा आला. थोड्या वेळाने दुसऱ्या मागावरून पुन्हा आठ.

"आ आठ शुं छे?" शेठने विचारलं.

बघून सांगते म्हटलं आणि खाली गेले. आठव्या बटणावरच्या कोऱ्या चौकोनात कुणीतरी मागाच्या काळ्या वंगणाने एक पंजा काढला होता. सगळ्या रांगेत, प्रत्येक पेटीवर. चार बोटं आणि अंगठा. ते चित्र माझ्या सातही चित्रांपेक्षा सरस होतं. वाकून बघत होते तेवढ्यात पलीकडे मास्तरने एका ओडिया कारीगराच्या पाठीत पट्टा ओढला. आवाजात फटका ऐकू आला नाही, नुसता दिसला. तो माणूस पाठ चोळत पेटीपाशी गेला आणि त्याने पंजा दाबला. मग माग तसाच बंद ठेवून जरा वेळ उभा राहिला.

आठव्या बटणावर पंजा आहे हे शेठला कळलं तेव्हा त्याला वाटलं, कुणीतरी कारखान्यात निवडणुकीचा प्रचार करतंय. मी हसले आणि विषय टाळला. मला ते बटण राहायला हवं होतं. मार खाल्ल्यावर माणूस निदान एक बटण तरी दाबू शकतो, हे मला फार बरं वाटत होतं.

मग एका दुपारी मी पडद्यासमोर बसले असताना बाबांच्या मागाचा नंबर आला, आणि पुढे आठ.

मी काचेतून खाली पाहिलं. बाबा मान खाली घालून पेटीपाशी उभे होते. कानामागे हात धरला होता. बोटांमधून रक्त आलं होतं, थोडंच. त्या संध्याकाळी आमच्या घरी काय होणार हे मला दुपारीच दिसलं. आणि तसंच झालं. कालवण पातळ झालं म्हणून बाबांनी पट्टा काढला. वड्याचं तेल वांग्यावर, अशी म्हण आई नेहमी शेजारणीला लावायची. वांगं म्हणजे आपणच, हे तिला ठाऊक नव्हतं. मला आता ठाऊक झालं होतं आणि ते मला झोपू देत नव्हतं.

सकाळी मी शेठला सरळ सांगितलं. आठ म्हणजे मास्तरने मारलं. तुमचे माग वीज गेल्याने थांबत नाहीत एवढे मास्तरच्या पट्ट्याने थांबतात, हे तुम्हीच पडद्यावर बघा. तुम्हाला कारण हवं होतं ना, हे घ्या.

शेठने पडद्यावरचे आठ बोटाने मोजले. मला वाटलं, मास्तरला आता बोलावणार. त्याने बोलावलंही. आणि त्याच्यापुढे मला म्हणाला, "ए बटण काढी नाख." मग मास्तरला विचारलं, हे चित्र कुणाचं? मास्तरने खाली जाऊन रांगच्या रांग दमात घेतली असेल, कारण पाच मिनिटांत त्याच्यामागून बाबा आपणहून वर आले.

"तो पंजा मीच काढेल शे," बाबा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. आपली मुलगी इथे बसलीय हे त्यांना दिसलंच नाही, असा त्यांचा चेहरा होता.

मास्तरने त्यांच्या मुस्कटात मारली. केबिनमध्ये मागांचा आवाज येत नसे, त्यामुळे ही मात्र नीट ऐकू आली. बाबांची टोपी शेठच्या टेबलाखाली गेली आणि ती काढायला ते वाकले. ते वाकलेलं बघून माझं डोकं फिरलं. त्या काळी कीबोर्ड चांगले जड असत. मी तो दोन्ही हातांनी उचलला आणि मास्तरच्या तोंडावर घातला. बटणं फरशीवर उडाली. त्याच्या नाकातून धार लागली. दुसरा फटका घालणार तोच बाबांनी मागून माझी वेणी धरून मला बाहेर ओढलं.

आम्हा दोघांचीही नोकरी त्याच दिवशी गेली. बाबा घरी निघाले. सायकल हातात धरून ते पुढे, मी मागे. घरात शिरल्यावर त्यांनी आधी दार लावलं आणि मग पट्टा काढला.

"तुले कोनी सांगेल व्हतं?" ते ओरडले. "आते काय खासूत?"

आई स्टोपाशी पीठ मळत होती. काय झालं ते मी ओरडून ओरडून सांगितलं. बटण, पंजा, मास्तर, टोपी, सगळं. बाबांचा हात माझ्यावर उठला तेव्हा ती मध्ये आली, नेहमीसारखी, आणि पट्टा तिच्या खांद्यावर बसला. ती ओरडली नाही. वळली, पिठाने भरलेला हात तिने समोरच्या निळ्या भिंतीवर दाबला आणि काढला. पाची बोटं स्वच्छ उमटली.

"हाई मनं बटन शे," आई म्हणाली, आणि खाली बसून पुन्हा पीठ मळू लागली.

बाबा त्या भिंतीकडे बघत राहिले. त्यांची जेवायला बसायची जागा तिच्या बरोबर समोर होती. त्या रात्री ते जेवले नाहीत.

मारणं त्या दिवसापासून थांबलं, असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. बाबांना दुसऱ्या कारखान्यात काम मिळालं, तिथेही मास्तर होता. पण घरात हात उठला की आई गुपचूप उठून भिंतीवर पंजा उमटवायची. पीठ नसलं तर हळदीचा. पाहुणे विचारायचे, काही शुभकार्य होतं का? आई म्हणायची, यांना विचारा. बाबा पाहुण्यांसमोर ताटात बघत जेवायचे. पंजे हळूहळू कमी येऊ लागले, आणि पट्टा खिळ्यावरून कधी गेला ते मला कळलंही नाही.

पुढच्या दिवाळीला बाबांनी स्वतः निळीचा चुना कालवला आणि खोली रंगवायला घेतली. आम्हाला कुणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी आम्ही आत गेलो तर सगळी खोली नवी दिसत होती. त्या एका भिंतीवर मात्र त्यांनी बारीक कुंचल्याने, प्रत्येक बोटाच्या कडेकडेने रंग दिला होता आणि आईचे सगळे पंजे तसेच ठेवले होते.