सातवा तुकडा

माझ्या भावाला कॉलेजात सगळे ‘शंकासुर’ म्हणत. तो तिथल्या कॉम्प्युटरच्या खोलीत तंत्रज्ञ होता. दिवे बंद करून, कुलूप लावून निघायचा, जिना उतरायचा आणि कुलूप ओढून बघायला परत वर जायचा. चहा गाळला की गाळणीत काय राहिलं तेही बघायचा. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर म्हणायचा, “खात्री पटली नाही.” मी त्याला दादा म्हणते. आता ते म्हणतानाही माझी जीभ अडखळते.

त्या काळी इंटरनेटवर न्यूजग्रुप नावाचा प्रकार होता. जगभरातल्या लोकांसाठी टांगलेले सूचनाफलकच म्हणा ना. कुणीही काहीही लावावं, कुणीही वाचावं. फलकाची प्रत ठिकठिकाणच्या सर्व्हरवर असे, आणि एखादी चिठ्ठी एकीकडे पोचे, दुसरीकडे नाही. पण फलकावर फक्त अक्षरं मावत. फोटो किंवा आवाज पाठवायचा तर आधी त्याची अक्षरं करायची आणि मग तुकडे पाडून एकेक लावायचे. वाचणाऱ्याला दिसायच्या निरर्थक अक्षरांच्या ओळी, बहुतेक प्रत्येकीच्या सुरुवातीला इंग्रजी एम. ते तुकडे गोळा करायचे, क्रमाने लावायचे, जोडायचे आणि अक्षरांचा पुन्हा फोटो करायचा. एक ओळ इकडची तिकडे झाली की सगळं मुसळ केरात.

दादाने या कामासाठी एक छोटा प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं ‘सांधा’. फ्लॉपीच्या एका कोपऱ्यात मावेल एवढाच, पण स्वभाव अगदी धन्यासारखा. एक जरी तुकडा कमी असला तरी फाईल बनवायचीच नाही. पडद्यावर एक ओळ यायची : ‘अमुक तुकडा मिळाला नाही. थांबलो आहे.’ ही ओळ लिहायला दादाला आठवडा लागला होता. “थांबलो म्हणजे चुकलो नाही,” असं तो मला समजावून सांगायचा आणि मी जांभई द्यायचे.

माझ्या नवऱ्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दादाने सांधा त्याला असाच देऊन टाकला, आतल्या कोडसकट. विश्वासाने. तो दुकानातून फ्लॉप्या भरभरून लोकांत गेला आणि लोकांनी त्याचं काय केलं? जगातली घाण खाली उतरवली. एकदा मी आणि दादा दुकानात उभे असताना एका गिऱ्हाइकाने दादाचा हात दोन्ही हातांत धरला. चांगला टाय लावलेला, पिकल्या केसांचा गृहस्थ. डोळा मारून म्हणाला, “तुमच्यामुळे आमच्या संध्याकाळी रंगतात हो! फक्त तुमचा सांधा फार नखरे करतो. ऐन वेळेला म्हणे थांबलो!” दादा मागच्या मोरीत गेला आणि साबणाने हात धूत राहिला. नवरा मात्र खो खो हसत होता. मला त्या माणसाची किळस आली, नवऱ्याच्या हसण्याची त्याहून जास्त.

नवऱ्याने त्या तक्रारीवर तोड काढली. एका ओळखीच्याला गाठून सांध्यातली थांबायची ओळ काढून टाकली. तुकडा नसेल तर त्या जागी कोरं भरायचं, पुढचं जोडायचं आणि शेवटी पडद्यावर मोठ्या अक्षरांत ‘काम फत्ते!’ त्याला नाव दिलं ‘झटपट सांधा’. दादाला पत्ता नव्हता. मला होता. मी म्हणाले, “अहो, त्याला सांगा तरी.” तो म्हणाला, “शंकासुराला सांगून आणखी एक शंका कशाला विकत घ्यायची?” आणि मी गप्प बसले.

त्या वर्षी आई ताईकडे समुद्रापलीकडे गेली होती. परत येणार होती, पण कुठे? दादाकडे एकच खोली आणि त्यात तीन उघडे कॉम्प्युटर. माझ्याकडे चार खोल्या, पण माझ्या नवऱ्याला म्हातारं माणूस घरात नको होतं. आणि आज खोटं कशाला बोलू, मलाही नको होतं. आईला ऐकू अजिबात यायचं नाही, त्यामुळे फोनचा उपयोग नव्हता. मग ताईने तिला मायक्रोफोनसमोर बसवलं आणि पाटीवर लिहून विचारलं, परत गेल्यावर कुठे राहायचंय? आई बोलली ते रेकॉर्ड केलं. फाईल मोठी, ईमेलच्या पेटीत मावेना. म्हणून नऊ तुकडे करून चाचणीसाठी ठेवलेल्या एका न्यूजग्रुपवर टाकली. नंतर आईला विमानात बसवून ताई स्वतः तीन आठवड्यांच्या दौऱ्यावर गेली.

कॉलेजात दादाचा सांधा म्हणाला : ‘सातवा तुकडा मिळाला नाही. थांबलो आहे.’ दादाने ताईला तो तुकडा पुन्हा टाकायला कळवलं आणि तोही थांबला.

दुकानात आम्ही झटपट सांधा लावला. काम फत्ते! स्पीकरमधून आईचा आवाज आला. दम खात, थांबत थांबत बोलणारी माझी आई. प्रवासाचं, गुडघ्याचं बोलली आणि मग म्हणाली, “मला वृद्धाश्रमात ठेवलं तरी चालेल...” टक् असा बारीक आवाज झाला. थोडा वेळ काहीच नाही. मग, “...आणि डोळ्यांत घालायचं औषध आणून ठेवा, इथलं संपत आलंय.”

“बघ,” नवरा म्हणाला, “स्वतःच म्हणतेय. आता आपल्याला कोण बोल लावणार?”

तो टक् मी ऐकला होता. आई दम खाताना टक् असा आवाज होत नाही, हे मला काय कळत नव्हतं? पण झोपलेल्याला जागं करता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार! मी दादाला फोन केला. “आमच्याकडे पूर्ण आलं रे. आई वृद्धाश्रमाला हो म्हणाली.”

त्याने मला ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग म्हणाला, “सांध्याने फाईल बनवली?”

“बनवली.”

“मग तुमच्या सर्व्हरवर सातवा आला असणार. तुकडा कमी असता तर त्याने बनवलीच नसती.”

जन्मभर कुलपं ओढून बघणारा माणूस, एकदाच त्याने ओढून बघितलं नाही. कारण कुलूप त्याने स्वतः घडवलेलं होतं.

आई आली. विमानतळावरून नवऱ्याने आमची गाडी सरळ वृद्धाश्रमाकडे वळवली. पाटीवर लिहून तिला विचारायला दोन मिनिटं लागली असती. पाटी तिच्या मांडीवरच होती. वळणावर वृद्धाश्रमाचा फलक तिने वाचला तेव्हा तिला कळलं की आपण कुठे चाललोय. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “माझं बोलणं पूर्ण ऐकलंत ना ग?” मी होकारार्थी मान हलवली. वर तिचा हात थोपटला. ती खिडकीबाहेर बघायला लागली आणि पुढे एक अक्षर बोलली नाही. तिच्या गप्प बसण्याला मी समजूतदारपणा म्हणाले. शी!

रुळेपर्यंत महिनाभर भेटायला येऊ नका, असं वृद्धाश्रमाने सांगितलं होतं. तीन आठवड्यांनी ताईने सातवा तुकडा पुन्हा टाकला. त्याच दिवशी दुपारी दादा दुकानात आला. चपला न काढताच आतल्या खोलीत शिरला आणि कॅसेट लावली. कॉलेजात उतरवलेलं पूर्ण बोलणं त्याने तिच्यावर घेऊन आणलं होतं.

“मला वृद्धाश्रमात ठेवलं तरी चालेल, असं कुणी मनातसुद्धा आणू नका. मी दादाच्या खोलीत राहीन. खाली अंथरूण घालून झोपेन. पण परक्यांत मरायला मला पाठवू नका रे. आणि डोळ्यांत घालायचं औषध...”

दादाने दुकानातल्या मशीनवरचा सांधा उघडला, आठच तुकडे दिले आणि पडद्यावर ‘काम फत्ते!’ वाचलं. दोनदा वाचलं. “भावोजी, हे मी लिहिलेलं नाही,” एवढंच म्हणाला.

नवरा म्हणाला, “अहो दादा, आता रुळल्यात तिथे त्या. कशाला उगाच?” त्या क्षणी मला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. थुंकले नाही. कारण तेच वाक्य माझ्याही ओठांवर आलं होतं.

मी आणि दादा वृद्धाश्रमात गेलो. आई खाटेच्या कडेला बसली होती, पायात चपला, पिशवी भरलेली. शेजारची बाई म्हणाली, “पहिल्या दिवसापासून अशाच बसतात. पिशवी सोडतच नाहीत.” औषधाची बाटली रिकामी होती. तेवढंही आम्ही आणून दिलं नव्हतं.

दादाने पाटी घेतली आणि सावकाश, सुवाच्य अक्षरांत लिहिलं : ‘तुझ्या बोलण्याचा एक तुकडा हरवला होता. आम्हाला अर्धंच ऐकू आलं. चल घरी.’

आईने पाटी डोळ्यांजवळ नेऊन वाचली. पुन्हा वाचली. तिचा चेहरा उजळला आणि मग तिने माझ्याकडे बघितलं.

“पण ही तर म्हणाली,” आई दादाला म्हणाली, “पूर्ण ऐकलं म्हणून.”