पालकाची सही

मुंबईच्या बोटीपर्यंत नेणारा पडाव किनाऱ्यावरून सुटला तेव्हा बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते. ते गावच्या शाळेत मास्तर. मी चोवीस वर्षांचा, मुंबईत कारकून. माझ्या शेजारी धाकटी बहीण शकू, तेरा वर्षांची, पत्र्याच्या ट्रंकेवर बसलेली. गावात सातवीपुढे शाळा नव्हती, म्हणून मी तिला मुलुंडला माझ्या खोलीवर नेत होतो. बाबा रडले नाहीत. एवढंच ओरडले, "चेडवाक गणित येता रे. ता सुटूक देव नको!"

ते मीच सुटू दिलं.

गावाकडच्या मंडळींनो आणि इथे मुंबईत वाढलेल्या भाचरांनो, तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात की शकूला गणित जमेना, म्हणून तिने शाळेत गृहशास्त्र घेतलं. ही गोष्ट मी रचलेली आहे.

बाबांचं दर पंधरा दिवसांनी कार्ड येई. चार ओळी मला, आणि तळाला शकूसाठी एक गणित. मी उत्तराचं कार्ड लिही, शकू त्याच्या तळाशी आपलं उत्तर मांडी आणि तीच ते पेटीत टाकून येई. पुढच्या कार्डात 'शाब्बास' आणि आणखी अवघड गणित.

नववीत ऐच्छिक विषय निवडायचा होता. वरचं गणित नको असलेल्या मुलींना गृहशास्त्र मिळे. फॉर्मवर पालकाची सही लागे, आणि मुलुंडात तिचा पालक मी. शकूने शिसपेन्सिलीने 'गणित' लिहून फॉर्म माझ्यापुढे ठेवला. पण तिच्या शाळेत बीजगणित-भूमितीचा तास शाळा सुटल्यावर असे, म्हणजे ती सातला घरी येणार. गृहशास्त्राच्या मुली पाचला सुटत. मी कामावरून साडेसहाला येई, आणि शकू येण्याआधी सहा वर्षं खाणावळीत जेवून विटलो होतो; आता आल्या आल्या गरम ताट हवं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, मुलगी बघायला येतील ते त्रिकोण बघतील की पोळ्या?" मला निमित्तच हवं होतं. पेन्सिल खोडली, शाईने 'गृहशास्त्र' लिहिलं, सही केली. शकू बघत होती.

आठव्या वर्षापासून चुलीवर घरभर माणसांचा भात उतरवणाऱ्या मुलीला तिथे 'भात : साहित्य व कृती' वहीत लिहून घ्यावं लागलं. सेल्युलॉइडच्या बाहुलीला आंघोळ घालायची. आमच्या खोलीत कधी न आलेले काटे-सुऱ्या टेबलावर मांडायच्या. "दादा, आज आमका पाणी उकळूक शिकवल्यानी!" ती एकदा म्हणाली. मी खो खो हसलो. ती हसत नव्हती.

गृहशास्त्राचं कुणाकडून तरी बाबांना कळलं. कार्ड आलं : 'विषय कोणी निवडला?' तळाला मात्र नेहमीसारखं गणित होतं. दोन बंदरांतून दोन पडाव एकमेकांकडे निघाले, तर ते कुठे भेटतील? मी उलट टपाली लिहिलं, 'तिनेच निवडला. गणित झेपत नाही म्हणते.' आणि सवयीने, काही विचार न करता, ते उघडं कार्ड शकूच्याच हातात दिलं.

ती टाकून आली. माझं ताट वाढलं आणि विचारलं, "मीठ बरोबर आसा मां?"

त्यानंतर बाबांच्या कार्डात गणित आलं नाही. पोरीला जड जातंय तर कशाला छळा, असं त्यांना वाटलं असणार. त्याच समजुतीत ते गेले.

गेल्या वर्षी शकू गेली. बाराव्याला तिची मुलगी म्हणाली, "मामा, आईचं गणित कच्चंच होतं ना रे?" मी म्हणालो, "हो गं." माझी नव्वदी आली, तरी जीभ तीच. मग तिने आईच्या कपाटातली गृहशास्त्राची वही मला दिली. पुढच्या पानांवर भात, बाहुली, टेबल. मागून उघडली तर बीजगणित. शाळेने न शिकवलेलं, कुणाच्या तरी पुस्तकातून उतरवून घेतलेलं. आणि एका पानावर ते दोन पडाव, दोन वेगळ्या रीतींनी सोडवलेले. दोन्हीकडे उत्तर एकच.

मुलुंडला माझा जन्म गेला. गावच्या घराला पुतण्यांनी नव्या फरशा बसवल्या, बोलावतात, मी जात नाही. घर म्हटलं की मला ते कार्ड दिसतं. उत्तर तिला आलं होतं. माझ्या खोट्या दोन ओळींखाली ते लिहायला भरपूर जागा होती. तिने ते लिहिलं असतं, तर बाबांना सगळं कळलं असतं. माझी अब्रू राहावी म्हणून तिने ती जागा कोरी सोडली.